मुले स्थूल, धोरण कृश

गेल्या महिन्यात नातवाच्या शाळेतील पालकसभेस जाण्याचा योग आला. मुलास व सुनेस रजा मिळाली नाही, म्हणून निवृत्त आजोबांची रवानगी झाली. शाळा आमच्या कामोठ्यातीलच. तिचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही, कारण अशी सभा आज कोणत्याही शाळेत भरते. विषय होता, ‘मुलांमधील स्थूलता : पालकांची जबाबदारी’. आहारतज्ज्ञ बाईंनी पडद्यावर चित्रे दाखवीत तासभर व्याख्यान दिले. पॅकबंद खाऊ आणू नका, डब्यात पोळी-भाजी द्या, मुलांना रोज तासभर मैदानावर खेळू द्या, रात्री सर्वांनी एकत्र जेवा, मोबाईल दूर ठेवा. त्यांचे एकही वाक्य खोडून काढण्याजोगे नव्हते.

श्रोत्यांत बहुतेक माता होत्या. त्यांतील एकीने उभे राहून विचारले, “मॅडम, मी सकाळी सात-दहाची लोकल पकडते. मुलगा दुपारी शाळेतून येतो तेव्हा घरात कुणी नसतं. त्यानं काय खायचं?” बाई क्षणभर थांबल्या आणि म्हणाल्या, “थोडं नियोजन करावं लागेल.” सभा संपली. बाहेर पडताना प्रत्येक पालकाच्या हाती चहाचा पेला आणि क्रीमच्या बिस्किटांचा पुडा देण्यात आला.

ज्याने उभे आयुष्य अर्थशास्त्र शिकविण्यात घालविले, त्यास ‘नियोजन’ हा शब्द जिव्हाळ्याचा वाटणारच. पण ज्या देशाने आपला नियोजन आयोग २०१४ साली मोडीत काढण्याचे जाहीर केले, तो देश आता मुलांच्या आरोग्याचे नियोजन सात-दहाची लोकल पकडणाऱ्या बाईवर सोपवून मोकळा झाला आहे. बालकांच्या स्थूलतेचा प्रश्न आज ज्या रीतीने मांडला जातो, तिचे सारे मर्म त्या एका उत्तरात आहे. व्याख्यान पालकांना, उपदेश मातांना, दोष मुलांच्या जिभेला. आणि ज्यांच्या हाती बाजारभाव, कर, मैदाने व शाळेचे स्वयंपाकघर आहे, ते मात्र व्यासपीठावर प्रमुख पाहुणे! या मांडणीस विरोध करणे अगत्याचे आहे.

प्रश्न खरा आहे, यात शंका नाही. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २०२२ साली भारतातील ५ ते १९ वयोगटातील सुमारे १ कोटी २५ लाख मुले स्थूल होती. सप्टेंबर २०२५ मध्ये युनिसेफने जाहीर केले की, याच वयोगटात जगभरात स्थूल मुलांचे प्रमाण (शेकडा ९.४) प्रथमच कमी वजनाच्या मुलांच्या प्रमाणापेक्षा (शेकडा ९.२) अधिक झाले आहे. आपल्या महाराष्ट्रात २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत पाच वर्षांखालील जेमतेम शेकडा २ मुले अतिवजनाची आढळली होती; २०१९-२१ च्या पाहणीत ते प्रमाण शेकडा ४ वर गेले. परंतु त्याच पाहणीने याच वयाची शेकडा ३५ मुले उंचीने खुंटलेली असल्याचेही नोंदविले आहे. स्थूलतेवर व्याख्याने देणारे हा दुसरा आकडा सहसा सांगत नाहीत. वास्तविक दोन्ही आकडे एकत्र वाचल्याखेरीज प्रश्न कळतच नाही.

उष्मांक स्वस्त, पोषण महाग

आमची पिढी उष्मांक मोजीत वाढली. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेतील वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनी १९७१ साली भारतातील दारिद्र्याचा जो अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दरडोई दररोज २२५० उष्मांक ही कसोटी धरली होती. उष्मांकांच्या एकाच आकड्यावर भूक मोजता येते काय, हा वाद पां. वा. सुखात्मे यांनी पुढे दीर्घकाळ लढविला. वर्गात तो वाद शिकविताना एक गोष्ट आम्ही सारेच गृहीत धरीत होतो : गरिबाला उष्मांक मिळत नाहीत, ते मिळाले की पोषण आपोआप होईल. अर्ध्या शतकाने बाजाराने हे गृहीतच उलटे केले. आज सर्वांत स्वस्त वस्तू कोणती असेल, तर उष्मांक.

हिशेब अगदी साधा आहे. कामोठ्याच्या कोणत्याही किराणा दुकानात पाच रुपयांत बिस्किटांचा जो लहान पुडा मिळतो, त्यात मैदा, साखर आणि पामतेल यांचे मिळून दोनशेच्या आसपास उष्मांक असतात. एका अंड्यास सात-आठ रुपये पडतात. त्यात सत्तर-पंचाहत्तर उष्मांक आणि सहा ग्रॅम प्रथिने असतात. म्हणजे एका रुपयात बिस्किटातून चाळीस उष्मांक येतात, अंड्यातून दहा. केवळ पोट भरणे हाच हेतू असेल, तर बिस्किटाची निवड करणारी आई अज्ञानी ठरत नाही. ती काटेकोर अर्थशास्त्रज्ञ ठरते! त्या पुड्यास शिजवावे लागत नाही, तो नासत नाही, मुलाला एकट्याने उघडता येतो. जिच्यापाशी पैसा थोडा आणि वेळ त्याहून थोडा, तिच्या दृष्टीने ही निवड तर्कशुद्धच आहे. जो बाजार अशी निवड तर्कशुद्ध करतो, तर्क चुकला आहे तो त्याचा.

आणि हे उष्मांक कोणत्या देहात जातात, तेही पाहिले पाहिजे. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या खेड्यांतील माता व बालकांचा जो अभ्यास चालविला आहे, तो साऱ्या जगात मान्यता पावलेला आहे. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो. पण वजन एवढे कमी असूनही आपल्या बालकांच्या अंगावरील मेद त्या प्रमाणात कमी नव्हता. कमी होते ते स्नायू. बाहेरून कृश, आतून मेदयुक्त. याज्ञिकांनी त्यास ‘थिन-फॅट’ बालक म्हटले. गर्भात उपासमार सोसलेल्या अशा देहावर पुढे स्वस्त उष्मांकांचा मारा झाला, की मधुमेह व हृदयविकार यांना दार उघडे होते. वजनकाट्यावर हे मूल ‘लठ्ठ’ दिसेल असेही नाही.

यावरून काय निष्पन्न होते? स्थूलता ही कुपोषणाची विरुद्ध टोकाची बहीण नसून तिची सख्खी बहीण आहे. ‘आधी भुकेल्यांचा प्रश्न सोडवा, लठ्ठांचा मग पाहू’ असे म्हणणारे आमचे काही मित्रही येथे चुकतात. खुंटलेले मूल आणि स्थूल मूल यांना वेगवेगळ्या वर्गांत घालून एकास खिचडी व दुसऱ्यास व्याख्यान देणारे धोरण दोघांचाही घात करते. दोघांना हवे आहे ते एकच : रोजचे ताजे, प्रथिनयुक्त अन्न आणि खेळण्यास जागा.

एका हाताने उपदेश, दुसऱ्या हाताने सवलत

आता शासनाचे वर्तन पाहू. १५ ऑगस्ट २०२५ रोजी लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी स्थूलतेच्या संकटाचा उल्लेख केला आणि प्रत्येक कुटुंबाने तेलाचा वापर शेकडा १० ने कमी करावा असे आवाहन केले. आवाहन उत्तम. त्यास तीन आठवडेही उलटले नव्हते, तोच ३ सप्टेंबरला वस्तू व सेवा कर परिषदेची बैठक झाली. बिस्किटे, चॉकलेट व आइस्क्रीम यांवरील कर शेकडा १८ वरून ५ वर आला; पॅकबंद फरसाण, वेफर्स व झटपट नूडल्स यांवरील १२ वरून ५ वर. २२ सप्टेंबरपासून हे दर लागू झाले. पॅकबंद पनीर करमुक्त झाले आणि साखरेच्या फसफसत्या पेयांवर शेकडा ४० कर राहिला, हेही न्यायबुद्धीने नमूद केले पाहिजे. मात्र पेयांवरील हा भार पूर्वीही कर व उपकर मिळून एवढाच होता.

या सवलतीचे पुढे काय झाले? पाच रुपयांच्या पुड्याची किंमत साडेचार रुपये करणे बाजारात अवघड, कारण ती नाण्याची किंमत आहे. तेव्हा अनेक उत्पादकांनी किंमत तीच ठेवून पुड्यातील माल वाढविण्याचा मार्ग पत्करला. म्हणजे सरकारी तिजोरीने सोडून दिलेला कर मुलाच्या पोटात तळलेल्या बटाट्याच्या रूपाने गेला! गृहिणीने कढईतील तेल चमच्याने मोजावे आणि शासनाने कारखान्यातील तेलावरचा कर सोडावा, यास धोरण म्हणावयाचे की विनोद?

दुसरीकडे महाराष्ट्र शासनाने नोव्हेंबर २०२३ मध्ये शालेय पोषण आहारात आठवड्यातून एकदा अंडे, आणि न खाणाऱ्यास केळे, देण्याचा निर्णय घेतला होता. सव्वा वर्षही झाले नाही, तोच जानेवारी २०२५ मध्ये अंड्यासाठी आणि नाचणी सत्त्वात घालावयाच्या साखरेसाठी वेगळा निधी मिळणार नाही, शाळांनी तो लोकसहभागातून उभा करावा, असे सांगण्यात आले. तमिळनाडूत शाळेच्या जेवणात रोज अंडे असते. शिवाय सप्टेंबर २०२२ पासून तेथे प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारीही सुरू झाली. त्या राज्याने १९५६ मध्ये कामराजांच्या काळी शाळेतील जेवणाची वाट धरली आणि पक्ष बदलले तरी ती सोडली नाही. आमच्या प्रगत, पुरोगामी राज्यास मात्र आठवड्याचे एक अंडे जड झाले. बिस्किटाच्या कारखानदारास सवलत, आणि नाचणीतील साखरेसाठी वर्गणी!

नियम नाहीत असे नाही. महाराष्ट्र शासनाने मे २०१७ मध्येच शाळांच्या उपाहारगृहांत चरबी, मीठ व साखर अधिक असलेले पदार्थ विकण्यास मनाई केली. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१५ मध्ये निर्देश दिल्यानंतर केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०२० साली नियम केले. त्यांनुसार शाळेच्या फाटकापासून ५० मीटरपर्यंत असे पदार्थ विकता येत नाहीत. मे २०२५ मध्ये केंद्रीय माध्यमिक शिक्षण मंडळाने आपल्या शाळांना ‘शर्करा फलक’ लावण्यास सांगितले. पण कामोठ्यासारख्या दाट वसाहतीत शाळेच्या फाटकापासून ५० मीटरवर उभे राहून पाहा. अंमलबजावणी दिसलीच तर ती वडापावच्या गाडीवाल्यावर. तळलेला वडा पथ्याचा आहे असे मी म्हणत नाही. परंतु गाडीवाल्याची गाडी उचलली जाते, आणि त्याच्या मागच्या पक्क्या दुकानात रंगीत पुड्यांच्या माळा तशाच लोंबत राहतात. ज्याच्यामागे भांडवल नाही त्याच्यावर कायदा, ज्याच्यामागे आहे त्याच्यावर जाहिरातीचा वर्षाव, हा आपला जुनाच अनुभव होय.

पुड्यावर इशारा छापण्याचेही तसेच झाले. चिली देशाने २०१६ पासून साखर, मीठ वा चरबी जास्त असलेल्या पुड्यावर काळा अष्टकोनी शिक्का सक्तीचा केला. अक्षरशत्रू माणसालाही तो कळतो. आमच्या प्राधिकरणाने २०२२ च्या मसुद्यात सुचविले ते ताऱ्यांचे मानांकन! पदार्थात थोडा तंतुमय भाग मिसळला की साखरेचा दोष झाकून एखादा तारा पदरात पडावा, अशी ती रचना. विषावर इशारा हवा, तेथे आम्ही गुणपत्रिका देऊ पाहतो. एप्रिल २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयास या विषयात मुदत घालून द्यावी लागली, यातच सारे आले.

मैदान कोठे आहे?

आता ‘रोज तासभर खेळू द्या’ या उपदेशाकडे वळू. कामोठे ही सिडकोने वसविलेली वसाहत. येथील आगरी शेतकऱ्यांच्या भातखाचरांवर हे शहर उभे राहिले. पनवेल-उरणच्या या पट्ट्यात जमिनीच्या योग्य मोबदल्यासाठी जानेवारी १९८४ मध्ये पाच जणांनी गोळीबारात प्राण गमावले, हे नव्या रहिवाशांनी विसरू नये. एवढ्या किमतीने मिळालेली जमीन नियोजनाने वापरावी, एवढी तरी अपेक्षा होती. पण सायंकाळी आमच्या सेक्टरात मुले खेळतात ती इमारतींमधल्या मोटारींच्या रांगांत. चेंडू काचेवर लागला की रखवालदार धावतो. अखेर मूल घरात येते आणि मोबाईल घेऊन बसते. मग आपण त्यास आळशी म्हणतो.

नवी मुंबईचेच एक प्रकरण बोलके आहे. घणसोली येथे २००३ साली २० एकर जागा शासकीय क्रीडासंकुलासाठी ठरली होती. २०१६ साली तीतील काही भाग खाजगी बांधकाम व्यावसायिकास देण्यात आला आणि २०२१ मध्ये शासनाने क्रीडासंकुल ११५ किलोमीटर दूर माणगावला हलविण्याचे ठरविले. नवी मुंबईच्या मुलांनी खेळण्यासाठी कोकणच्या वाटेस लागावे! वास्तुविशारदांच्या संस्थेने याचिका केली आणि जुलै २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने हा निर्णय रद्द केला. न्यायालयाचे आभार. पण मुलांच्या खेळाची जागा वाचविण्यासाठी उच्च न्यायालयापर्यंत जावे लागावे, हीच या शहराच्या नियोजनाची गुणपत्रिका आहे. त्याच शहराच्या विमानतळावरून डिसेंबर २०२५ पासून विमाने उडू लागली. आकाशासाठी जागा सापडते. आट्यापाट्यांसाठी सापडत नाही.

आक्षेप

या विवेचनावर तीन आक्षेप येतील. पहिला, कर वाढविल्यास तो गरिबावरच पडेल. आक्षेप खोटा नाही. कर येथेच थांबला तर तो अन्याय ठरेल. म्हणून त्या कराचा पैसा त्याच मुलांच्या ताटात अंडे, कडधान्य व फळ म्हणून परत आला पाहिजे. केरळने २०१६ साली पिझ्झा-बर्गरवर शेकडा १४.५ कर लावला होता. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आला आणि राज्यांचा तो अधिकारच संपला. मेक्सिकोने २०१४ पासून गोड पेयांवर लिटरमागे एक पेसो कर बसविला आणि मार्च २०२५ पासून शाळांतून असे पदार्थ हद्दपार केले. इतर देशांना हे जमते.

दुसरा आक्षेप व्यक्तिस्वातंत्र्याचा. ग्राहक हा बाजाराचा राजा आहे, असे आम्हीही वर्गात शिकवीत आलो. पण हा राजा सज्ञान आणि माहितगार असावा, ही त्या सिद्धान्ताची अट आहे. सहा वर्षांचे मूल पुड्यातील खेळण्यासाठी हट्ट धरते, तेव्हा तेथे ग्राहकाचे सार्वभौमत्व नसते. तेथे एका बालकापुढे जाहिरातीची सारी विद्या उभी असते.

तिसरा आक्षेप : मग कुटुंबाची काहीच जबाबदारी नाही काय? आहे, आणि मी ती पुरुषांपासून सुरू करू इच्छितो. त्या सभेत पिते बोटांवर मोजण्याइतके होते. स्वयंपाक हे बाईचेच काम मानणाऱ्या घरात मुलाच्या आहाराचा भार तिच्या एकटीच्या डोक्यावर पडतो, आणि दोष देतानाही तिचेच नाव पुढे येते. हार्बर मार्गाने मुंबईच्या टोकापर्यंत एका बाजूस तासाहून अधिक प्रवास करणाऱ्या नवराबायकोत भाजी चिरण्याचे काम वाटून घेतले गेले, तर ते कोणत्याही आहारतक्त्याहून अधिक उपयोगी पडेल. आम्हा आजोबांनीही वर्तमानपत्र बाजूस ठेवून मुगाची उसळ करावयास शिकण्यास हरकत नाही. मी साठीनंतर शिकलो. कोणाचे काही बिघडले नाही.

काय करावे?

शाळा व कुटुंब यांनी मिळून स्थूलता रोखावी, हे तत्त्व मान्य आहे. परंतु शाळेचा कार्यक्रम म्हणजे व्याख्यान नव्हे. शाळेचा कार्यक्रम म्हणजे जेवण. जपानने १९५४ साली शालेय भोजनाचा कायदा केला आणि २००५ मध्ये आहारशिक्षणाचा. तेथे प्राथमिक शाळेत वर्गातील मुले एकमेकांना वाढतात, शिक्षक त्यांच्यासोबत तेच अन्न खातात. गरिबाचा डबा वेगळा आणि श्रीमंताचा वेगळा, असा प्रश्नच उरत नाही. आपल्याकडील पोषण आहार शासकीय व अनुदानित शाळांतील आठवीपर्यंतच्या मुलांपुरता आहे. कामोठ्यातील असंख्य मुले विनाअनुदानित शाळांत जातात; भरमसाट शुल्क भरणाऱ्या त्यांच्या पालकांना शाळेकडून मिळते ते उपाहारगृह आणि उपदेश.

म्हणून मागण्या स्पष्ट असाव्यात. पोषण आहारातील अंड्याचा निधी राज्य शासनाने पूर्ववत करावा व तो आठवड्यातील एका दिवसापुरता ठेवू नये. विनाअनुदानित शाळांवरही मध्यान्हभोजनाची सक्ती करावी. खर्च शुल्कातून भागवावा, त्यासाठी शुल्क वाढवू देऊ नये. गोड व तळलेल्या पॅकबंद पदार्थांवरील करसवलत मागे घेऊन ते उत्पन्न शाळांच्या स्वयंपाकघरांस बांधून द्यावे. पुड्यावर तारे नकोत, काळा शिक्का हवा. शाळांना दिलेली मैदाने शाळा सुटल्यावर वस्तीतील सर्व मुलांना खुली करावीत, आणि खेळासाठी राखलेल्या एकाही भूखंडाचा वापर बदलू नये. यावर सिडको व २०१६ साली स्थापन झालेली पनवेल महानगरपालिका यांना आम्ही नागरिकांनी जाब विचारला पाहिजे. आणि ज्या मातापित्यांचा दिवस लोकलमध्ये सरतो, त्यांच्या मुलांसाठी शाळा सुटल्यानंतर शाळेतच दोन तास खाणे व खेळणे यांची सोय हवी. पाळणाघर ही चैन नव्हे. श्रमिकांच्या शहराची ती प्राथमिक गरज आहे.

हे सारे खर्चाचे आहे, असे सांगण्यात येईल. खर्च आजही होतोच आहे; फक्त तो वीस वर्षांनी मधुमेहाच्या औषधांच्या रूपाने, आणि कुटुंबाच्या खिशातून होणार आहे.

सभेत प्रश्न विचारणारी ती बाई पुन्हा भेटली, ती मानसरोवर स्थानकाच्या जिन्यावर. एका हातात डब्याची पिशवी, दुसऱ्या हातात मुलाने मागितलेला खाऊ. आमची दृष्टी त्या पुड्याकडे गेलेली पाहून ती ओशाळून हसली. ओशाळावयास हवे होते ते तिने नव्हे.